पुट्टी घासायला व्हॅक्यूम घेताय? वॅट नंतर बघा, आधी फिल्टर

साइटवर वापरायला व्हॅक्यूम क्लीनर कुठला घेऊ असं हल्ली बरेच जण विचारतात, आणि सोबत एखाद्या मशीनचा स्क्रीनशॉट पाठवतात ज्यात मोठ्या अक्षरात १६०० वॅट, ३० लिटर, वेट अँड ड्राय, ब्लोअर फ्री वगैरे लिहिलेलं असतं आणि मला जे बघायचं असतं, म्हणजे फिल्टर कसला आहे, तो झटकायची सोय काय, बॅग सुटी मिळते का, ते कुठेच नसतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो, पुढच्याला लिंक पाठवता येईल.

आधी कचरा कसला आहे ते बघा. टाचे (नवा गिलावा धरावा म्हणून भिंतीला मारलेले घाव) मारल्यावर पडलेली खपली, गिलाव्याचे पोपडे, विटांचे तुकडे, हे व्हॅक्यूमचं काम नाहीच, तिथे फावडं, घमेलं आणि गोणी. राडारोडा उचलून झाल्यावर खाली जी वाळू आणि माती उरते ती साधं वेट-ड्राय (ओलं-कोरडं दोन्ही ओढणारं) मशीनसुद्धा आरामात ओढतं. खरा त्रास पुट्टी, पीओपी आणि जिप्सम प्लास्टर घासताना. ती पिठी मैद्यापेक्षा बारीक, आणि ती मशीनच्या पोटात गेली तरी तिथे थांबत नाही, सरळ फिल्टरवर जाऊन बसते.

कधी पुट्टीवर चाललेल्या मशीनचा फिल्टर बाहेर काढून बघा. घड्यांच्या तळाशी पांढरा थर दाबून भरलेला असतो, जमिनीवर आपटला तर वरवरचा पडतो, आतला बोटाने उकरावा लागतो. मोटर चांगली घुर्र घुर्र करतेय पण पाइपच्या तोंडाला हात लावला तर ओढ नाही, आणि पेंटर म्हणतो साहेब मशीन खेचतच नाय. मोटरचं काही बिघडलेलं नसतं, हवेलाच वाट नाही. वरून कोणीतरी हुशारी करून तो फिल्टर नळाखाली धुतो आणि नीट न वाळवता परत लावतो, पुट्टीत व्हाइट सिमेंट असतं, ओल्या कागदावर ते जे धरतं की फिल्टर गेलाच समजा.

म्हणून वॅट बघू नका. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं एवढंच, ओढतं किती ते वेगळं लिहिलेलं असतं, हवा सेकंदाला किती लिटर आणि व्हॅक्यूम किती मिलिबार. आणि तेही आकडे स्वच्छ फिल्टरवरचे. अर्ध्या खोलीची घासाई झाल्यावर काय उरतं ते फिल्टर झटकायच्या सोयीवर ठरतं. स्वस्त मशीनमध्ये काहीच सोय नसते, मधल्यांत एक बटण असतं जे दाबून उलटी हवा मारायची, आणि वरच्या मशीनमध्ये हे आपोआप होतं, उदा. बॉशचं जीएएस ३५ एम एएफसी दर १५ सेकंदांनी स्वतःच फिल्टर झटकतं, काम थांबवावं लागत नाही. रोज वॉल सँडर (भिंत घासायचं मशीन) चालवणाऱ्याने ऑटोच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, बटण दाबायचं कोणाच्याही लक्षात राहत नाही.

घरातला झाडूपोछावाला व्हॅक्यूम तर आणूच नका. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटर गार करायला मोटरमधून जाते, म्हणजे फिल्टरमधून निसटलेली पिठी थेट कार्बन ब्रश आणि बेअरिंगमध्ये. वेट-ड्रायमध्ये मोटर गार करायची हवा वेगळी असते, म्हणून ती टिकतात.

आता धुळीच्या क्लासचं, म्हणजे मशीन धूळ किती अडवतं त्याचं. मशीनवर एल, एम किंवा एच असं लिहिलेलं असतं. एल म्हणजे १ टक्क्यापर्यंत धूळ बाहेर निसटू शकते, एम म्हणजे ०.१ टक्का, एच म्हणजे ०.००५ टक्का. नुसती पुट्टी किंवा जिप्सम असेल तर एल क्लासवर भागवणारे बरेच आहेत, पण वायरिंगसाठी भिंतीत झिऱ्या मारणं, काँक्रीटला ग्राइंडर लावणं, टाइल्स किंवा ग्रॅनाइट कोरडं कापणं, यात सिलिका (वाळू-दगडातली बारीक धूळ) उडते, आणि ती फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस झाला तर त्याला औषध नाही. तिथे निदान एम, आणि वर मास्क. क्वार्ट्झच्या कृत्रिम दगडाच्या प्लॅटफॉर्ममध्ये तर सिलिका इतकी जास्त की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ते मटेरियलच बंद केलं. आपल्याकडे ते किचनसाठी अजून जोरात विकलं जातंय आणि पोरं तोंडाला रुमाल बांधून कापतायत.

एम क्लास मशीनला पाइपमधली हवा मंदावली की बझर वाजतो. बझर वाजला की फिल्टर झटकायचा किंवा बॅग बदलायची, पण साइटवर होतं काय, पाइपच्या व्यासाचा जो डायल असतो तो लहान आकड्यावर फिरवतात की बझर गप्प. असं करणाऱ्याला बाकी कामातही दोन वेळा तपासा.

फ्लीसची (न विणलेल्या कापडाची) बॅग लावता येत असेल तर जरूर लावा, बरीचशी पिठी बॅगेतच अडकते, फिल्टर जास्त चालतो, आणि मुख्य म्हणजे टाकी ओतताना लिफ्टसमोर पांढरा ढग उठत नाही. राहत्या फ्लॅटमध्ये काम असेल तर सोसायटीची निम्मी भांडणं तिथेच वाचतात. कागदाची बॅग टोकदार खडीने फाटते. ओलं ओढायचं असेल तर बॅग आणि कागदी फिल्टर काढून फोमचा लावायचा, आणि ओलं जिप्सम ओढलं तर लगेच टाकी धुवायची, नाहीतर आतच सेट होतं, मग छिन्नी घेऊन बसा.

मशीनवर टूल लावायचं सॉकेट असलेलंच घ्या, सँडर चालू केला की व्हॅक्यूम आपोआप चालू. पाइप अँटीस्टॅटिक (स्थिर वीज साठू न देणारा) असेल तर उत्तम, साध्या पाइपमधून कोरडी पुट्टी धावली की हाताला झटके बसतात, कोरड्या हवेत तर जास्तच.

आणि पैसे द्यायच्या आधी डीलरला विचारा की या मॉडेलचा फिल्टर आणि बॅग आज दुकानात आहे का. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं तर दुसरं मॉडेल बघा.