चांद्ररायफल, चौथी नोंद : नळी खांद्यावरून कमरेवर

चंद्रावर चालेल अशा कल्पित रायफलीचं कागदी लगद्याचं मॉडेल करायचा माझा छंद. मागच्या नोंदीतलं मॉडेल मी मोडलं. दस्ता खांद्याला लावायचा हा आग्रहच चंद्रावर टिकत नाही, हे कॅरम बोर्डावर कळलं.

फोंड्यात पाऊस धरून आहे. कागदाचा लगदा चार-चार दिवस वाळत नाही. दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यांच्या वेळी, ऑक्टोबरात, हा त्रास नसतो. तेवढ्यात चाचणीचं काम काढलं. बोर्डाची एक बाजू उचलून 9.6 अंशांचा उतार केला. या उतारावर खाली ओढणारं बल पृथ्वीच्या एक षष्ठांश, म्हणजे चंद्रावरच्या इतकंच. प्लायवूडचा वीतभर सैनिक त्यावर आडवा ठेवला, पाय खालच्या पट्टीला टेकवून. पहिला दिवस वाया गेला. पावडर कितीही टाका, घर्षण सगळा उतार खाऊन टाकायचं. मग सायकलवाल्याकडून बेअरिंगच्या पिंजऱ्यातले छर्रे आणून सैनिकाखाली घातले आणि तो हलका झाला.

खांद्यापाशी दाबलेली बॉलपेनची स्प्रिंग, पुढे एक नट, दोन्ही दोऱ्याने बांधलेले. दोरा जाळला की नट सुटतो. उतार 30 अंश ठेवला तेव्हा सैनिक डुलला आणि सावरला. 9.6 अंशांवर टाच रोवून तो सावकाश मागे कलत गेला आणि थेट पाठीवर. दहापैकी नऊ वेळा हेच. नट कमरेशी बांधल्यावर दहापैकी तीनदाच पडला.

हिशेबही तेच सांगतो. सूटसह 170 किलोचा माणूस चंद्रावर जेमतेम 275 न्यूटन भरतो. 5.56 मिमीच्या रायफलीची एक गोळी, वायू धरून, साधारण 5 न्यूटन-सेकंदांचा धक्का देते. एकेका गोळीने काही होत नाही, पण सेकंदाला 11 गोळ्यांची फैर सुरू ठेवली तर 55 न्यूटन झाले. 1.4 मीटरवरच्या खांद्याशी ते 77 न्यूटन-मीटर. टाच 15 सेंटिमीटर मागे असेल तर वजन फक्त 41 ने रोखतं. नळी कमरेला, मीटरभर उंचीवर आणली तरी 55 उरतातच. म्हणून मागचा पाय 40 सेंटिमीटर मागे रोवायलाच हवा. तेव्हा कुठे 110 मिळतात. वजन घटतं, धक्का घटत नाही, आणि माझ्या मते या छंदात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सोव्हिएतांनी जानेवारी 1975 मध्ये साल्यूत-3 या रिकाम्या अवकाशस्थानकावरून तोफ डागली, तेव्हाही धक्का सावरायला स्थानकाची इंजिनं चालवावी लागली होती.

कमरेवरून नेम धरायचा तर डोळ्यासमोर नळी नाही. त्यामुळे नळीवर छोटा कॅमेरा आणि चित्र शिरस्त्राणाच्या काचेवर. चाप चार बोटांनी ओढता येईल एवढा लांब केला, कारण फुगलेल्या हातमोज्यात एक बोट वाकवतानाच हात भरून येतो. वंगणाच्या खुणेवर तेल खोडून मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे कोरडं वंगण लिहिलं. तेल निर्वातात उडून जातं, आणि ग्रॅफाइटला घसरायला हवेतली आर्द्रता लागते.

धुळीचं अजून जमलेलं नाही. चांद्रधूळ काचेच्या चुऱ्यासारखी धारदार आणि विजेच्या भाराने चिकटणारी, तेव्हा खटक्याभोवती कापडी बाही शिवतेय. आईच्या जुन्या छत्रीचं कापड घेतलंय. घडी पडते, पण शिवण अजून उघडी राहते.