साडी नेसून तास घ्यायचा तर

हॅम्बर्ग विद्यापीठात ९ नोव्हेंबर १९६७ रोजी झगे घातलेल्या प्राध्यापकांच्या मिरवणुकीपुढे दोन विद्यार्थी फलक धरून चालले. ‘झग्यांखाली हजार वर्षांचा कुबट वास’ असं त्यावर लिहिलं होतं. त्यानंतर बहुतेक जर्मन विद्यापीठांतून झगे गेले. आज तिथे गणिताचे प्राध्यापक जीन्स-स्वेटर घालून शिकवतात, कायद्याचे मात्र बऱ्याचदा कोटात दिसतात.

आपल्याकडे झगा पदवीदानापुरता. रोजचा वाद साडीचा, आणि तो बायकांच्याच वाट्याला येतो. केरळ सरकारनं नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट आदेश काढला की शिक्षिकांवर साडीची सक्ती करता येणार नाही. तिथल्या तेव्हाच्या उच्चशिक्षणमंत्री आर. बिंदू स्वतः प्राध्यापिका. कॉलेजात आपण चुडीदार घालूनच शिकवत होतो, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. महाराष्ट्रात मार्च २०२४ मध्ये शाळांसाठी नियम आला: बायकांना साडी किंवा ओढणीसह सलवार-कमीज, पुरुषांना खोचलेला शर्ट आणि पँट, जीन्स-टीशर्ट बाद.

सक्ती नकोच, असं माझं ठाम मत आहे. पण आवडीनं साडी नेसणाऱ्यांची अडचण वेगळी असते. साडेपाच मीटर कापड सांभाळत फळ्यावर लिहायचं, प्लॅटफॉर्मवरून चढ-उतार करायची, हे कुणी शिकवत नाही.

चप्पल आधी घाला, मग साडी नेसा. उलट केलं की टाचेच्या उंचीइतका घोळ चुकतो आणि साडी तेवढी आखूड पडते. काठ घोट्याच्या हाडाला टेकला की पुरे. पदर डाव्या खांद्यावर असल्यानं उजव्या हातानं लिहिणाऱ्यांचा हात मोकळा राहतो. डावखुऱ्यांनी पदराच्या अरुंद घड्या घालून पिन खांद्याच्या थोडी मागे लावावी, नाहीतर हात वर गेला की ब्लाउजही वर ओढलं जातं. सुती साडीत सेफ्टी पिनचा गोल वेटोळा धाग्यात अडकून भोक पडतं. पिनमध्ये आधी एक मणी ओवला की कापड वेटोळ्यापर्यंत पोचतच नाही.

खळ पातळच हवी. भाताची पेज गाळून, पाणी घालून दुधाइतकी पातळ करायची. दाट झाली तर गडद रंगावर पांढरे डाग उमटतात आणि साडी घडीवर चिरते. पावसाळ्यात खळ घातलेली साडी कपाटात ठेवली की बुरशी धरते, कसरही लागते. म्हणून जूनआधी साध्या पाण्यातून काढून, कडक वाळवूनच ठेवावी.

मोठ्या वर्गात खरी पंचाईत कॉलर माइकची, कारण तो शर्टाची कॉलर आणि पट्टा गृहीत धरून केलेला असतो. पदराला लावला तर प्रत्येक हालचालीला खरखर ऐकू येते, खळ असेल तर जास्तच. ब्लाउजच्या गळ्याला, उजव्या बाजूला, जिथे पदर घासत नाही तिथे तो लावावा. ट्रान्समीटर, म्हणजे माइकच्या तारेला जोडलेली कमरेला अडकवायची डबी, परकराच्या नाडीत खोचू नये. त्याच्या वजनानं नाडी सैल होते आणि तासाच्या मध्यात निऱ्या सुटतात. साडीखाली, परकरावरून एक पातळ कापडी पट्टा बांधून त्याला ट्रान्समीटर अडकवावा, आणि तार निऱ्यांच्या बाजूनं न नेता पाठीकडून वर घ्यावी.