त्रिनिदादला बिऱ्हाड हलवताना

मुंबईहून त्रिनिदादला थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क, टोरांटो असा कुठून तरी वळसा घेऊनच पिआर्को विमानतळावर उतरावं लागतं. आम्ही लंडनमार्गे गेलो. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलासुद्धा व्हिसा लागतो, आणि लंडनलाही भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ट्रान्झिट व्हिसाचे नियम आहेत. तेव्हा स्वस्त तिकीट दिसलं की लगेच काढून मोकळं होऊ नका. बॅगा भरताना मुलांचे कपडे एकदा नीट चाळा. लष्करी छापाचे कपडे, म्हणजे ती हिरवी-तपकिरी ठिगळांची पँट, टोपी, अगदी सॅकसुद्धा तिथे सामान्य माणसाला वापरायला कायद्याने बंदी आहे.

जाण्यापूर्वी करायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र परतीच्या प्रवासाची आहे. त्रिनिदाद पीतज्वराचा (यलो फिव्हरचा) धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथून भारतात येताना लशीचं प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर आल्या आल्या सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते आणि एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं. मुंबई-पुण्यातल्या सरकारमान्य केंद्रात निघण्यापूर्वीच घेऊन टाका. घरून रात्री-अपरात्री फोन आला आणि मिळेल त्या विमानाने निघावं लागलं, तर त्या वेळी दहा दिवस कुठून आणणार? आई-वडील तुमच्याकडे राहायला येणार असतील तर त्यांनाही लागू आहे, त्यांना जरूर सांगा.

माझ्या नवऱ्याची नोकरी पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत, अमोनियाच्या कारखान्यात. त्रिनिदाद नैसर्गिक वायूवर चालणारा देश आहे. अमोनिया आणि मिथेनॉल तिथून जगभर जातं. म्हणून आम्ही राजधानी पोर्ट ऑफ स्पेनऐवजी मध्य त्रिनिदादमध्ये, कूवाला घर बघितलं. विमानतळावरून तिकडे जाताना एकेका अंगणात उंच बांबूंवर लाल, पिवळ्या, पांढऱ्या पताका फडफडताना दिसतात. त्यांना झंडी म्हणतात. पूजा झाली की अंगणात झंडी लावायची, ही तिथल्या हिंदू घरांची रीत. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे कराराने नेलेले भारतीय मजूर, तिथे उतरले, आणि १९१७ पर्यंत जवळजवळ दीड लाख माणसं उसाच्या मळ्यांवर आणली गेली. बहुतेक सगळी आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. आज देशातला साधारण तिसरा हिस्सा त्यांच्या वंशजांचा आहे. ३० मेला आणि दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते.

मला जे कळकळीने सांगायचं आहे ते इथेच. झंडी, देवळं, रोटी बघून आपल्याला घरच्यासारखं वाटतं आणि आपण तयारीत ढिले पडतो. हा वेगळा देश आहे, कॅरिबियन देश आहे. शेजारचे महाराज किंवा रामलोगन (ही तिथली आडनावं) हिंदी बोलत नाहीत, त्यांची भाषा त्रिनिदादची इंग्रजी. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारत सुटू नका. ते त्रिनिदादचेच आहेत, पाच-सहा पिढ्यांचे, आणि आफ्रिकी वंशाचे शेजारीही तितकेच. दुकानात, दवाखान्यात, मॅक्सी टॅक्सीत, म्हणजे भाड्याच्या मिनीबसमध्ये, पाऊल ठेवलं की आधी सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. न बोलता थेट काम सांगितलं तर ते फार उद्धट समजतात. संध्याकाळी भेटल्यावर ‘गुड नाइट’ म्हणतात, दचकू नका.

आता पैसा. तिथला डॉलर टीटी, म्हणजे त्रिनिदाद-टोबॅगोचा; एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात. पण बँकेत अमेरिकी डॉलर मागायला गेलात तर सहजासहजी मिळत नाहीत. परकीय चलनाची टंचाई जुनी आहे. कार्डावर परदेशात किती खर्च करता येईल यावरही बँका मर्यादा घालतात. ज्याला घरचं कर्ज फेडायचंय किंवा आई-वडिलांना दर महिन्याला पैसे पाठवायचेत, त्याने पगाराचा काही भाग अमेरिकी डॉलरमध्ये मिळेल हे करारात लिहून घ्यावं. सही करण्यापूर्वी. आकड्यावर घासाघीस करण्यापेक्षा हा एक मुद्दा जास्त मोलाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्क परमिट कंपनीच काढते. नवरा किंवा बायको म्हणून सोबत गेलेल्याला त्या परमिटवर नोकरी करता येत नाही, स्वतःचं वेगळं लागतं. मी इथे शिकवत होते. तिथे ते सोडून बसणं मला फार जड गेलं. हे दोघांनी निघण्यापूर्वी समोरासमोर बसून बोलून घ्यावं. पोचल्यावर कर खात्याचा बीआयआर क्रमांक आणि राष्ट्रीय विम्याचा एनआयएस क्रमांक घ्यावा लागतो. बँकेत खातं उघडताना पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल मागतात, आणि बिल असतं घरमालकाच्या नावावर. म्हणून भाडेकरार करतानाच मालकाकडून तसं पत्र लिहून घ्या.

घर बघताना मी आधी छपराकडे आणि मागच्या अंगणाकडे बघायचे. पाण्याच्या काळ्या टाक्या किती आहेत? नळाला रोज पाणी येईलच असं नाही. काही भागांत ठरावीक दिवशीच येतं. मग खिडक्या. तिथे सगळ्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या असतात आणि त्या असायलाच हव्यात. जेमतेम चौदा लाख वस्तीच्या या देशात २०२४ साली सहाशेहून जास्त खून झाले आणि ३० डिसेंबरला आणीबाणी जाहीर करावी लागली. बराचसा हिंसाचार टोळ्यांचा आणि ठरावीक वस्त्यांमधला असला तरी अंधार पडल्यावर एकट्याने पायी फिरणं, अनोळखी खासगी गाडीत बसणं टाळा. टॅक्सीची नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होते, ‘पी’ने सुरू होणाऱ्या गाड्या खासगी, त्यांतल्या काही बेकायदा भाडं मारतात. पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ८११ फोनमध्ये पहिल्याच दिवशी टाकून ठेवा.

वीज ११५ व्होल्ट, पिना अमेरिकेसारख्या चपट्या. घरचा मिक्सर नेऊ नका. अमेरिकेला नेतात तो ११० व्होल्टचा घ्या. कुकर मात्र न्या. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, आणि जपानमधून आलेल्या जुन्या गाड्या बऱ्या किमतीत मिळतात. पोर्ट ऑफ स्पेनला नोकरी आणि घर मध्य त्रिनिदादला, असं मात्र करू नका. हायवेवर पहाटे पाचलाच रांगा लागतात.

खाण्यापिण्याची काळजी सोडा. सकाळी रस्त्याच्या कडेला डबल्सवाला उभा असतो. तळहातावर कागद, त्यावर हळदीच्या पिवळ्या, लुसलुशीत दोन पुऱ्या एकमेकींवर थोड्या सरकवून, वर हरभऱ्याची पातळ उसळ, चिंचेची चटणी, काकडीचा कीस. कागदाची दोन टोकं पिळली की झालं. ‘पेपर?’ असं विचारेल, म्हणजे तिखट किती घालू. सुरुवातीला ‘स्लाइट’, म्हणजे अगदी थोडं, म्हणा, तिथली मिरची आपल्या लवंगीलाही मागे टाकते. कोरड्या दिवसांत बाजारात हिरव्या तुरीच्या शेंगा येतात, आमटीला याहून सुख नाही. शेजारच्या आंटींनी एकदा दशीनच्या पानांना डाळीचं पीठ थापून, गुंडाळून, काप करून तळून दिले. दशीन म्हणजे आपला अळूच! ते साहिना मी अळूवडी म्हणूनच खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी चिंच-गुळाची आपली आंटींना करून खाऊ घातली.

कारापिचैमाला दत्ताचं देऊळ आहे, पंच्याऐंशी फुटी हनुमानाच्या मूर्तीमुळे प्रसिद्ध. जवळच वॉटरलूला सिवदास साधूंचं समुद्रातलं मंदिर. मळ्याच्या जमिनीवर बांधलेलं त्यांचं देऊळ पाडलं गेलं आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं, तेव्हा जमीन कुणाचीच नाही अशा जागी, समुद्रात, सायकलवरून दगड-माती वाहून त्यांनी पुन्हा बांधायला घेतलं. मी तिथे गेले की त्या पाण्यातल्या भरावावरून हळू चालायचे. आणि मुंबईचे म्हटल्यावर म्हातारी माणसं १९७१चा गावसकर काढतातच. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावरच्या एकाच कसोटीत १२४ आणि २२०.

मुलं असतील तर शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं हे धरून बदलीची तारीख मागा. सरकारी वाटेने जायचं तर प्राथमिकच्या शेवटी, स्टँडर्ड फाइव्हला, एसईए नावाची परीक्षा असते आणि माध्यमिक शाळा तिच्या गुणांवर मिळते. त्या वर्गातलं मूल मध्येच नेऊन बसवणं त्याच्यावर अन्याय आहे. एक तर वर्षभर आधी जा, नाहीतर आंतरराष्ट्रीय शाळेची फी कंपनीकडून करारात मंजूर करून घ्या.