बेस आहे की, मग गिटार इतकी खाली कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. हा प्रश्न बहुतेकदा आमच्या मेटल बँडचा कार्यक्रम संपल्यावर, आम्ही केबली गुंडाळत असताना येतो. "दादा, ती जाड तार इतकी खाली का लावलीये? खालच्या सुरांना बेस गिटार आहे की तुमच्याकडे!" विचारणारा स्वतः गिटार वाजवणारा असतो, आणि आवाज आवडलाय पण पटलेला नाही, असा त्याचा चेहरा असतो.

आधी खाली म्हणजे किती ते सांगतो. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार ई या सुराला असते, सेकंदाला साधारण 82 कंपनं. माझी ए ला असते, 55 कंपनं. याला ड्रॉप ए म्हणतात. पेटीवाल्यांसाठी सांगायचं तर पांढरी तीनवरून खाली उतरत पांढरी सहा. त्या ए ला सा धरलं तर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सूर लागतात: सा प सा म ध रे. जाडीकडच्या तीन तारा एकदम छेडल्या की सा-प-सा, म्हणजे पॉवर कॉर्ड आयता मिळतो. वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) गेलात तरी एक बोट आडवं टाकलं की झालं. बाकीची बोटं मोकळी, त्यामुळे रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारे गिटारचे तुकडे, भराभर सरकवता येतात. ड्रॉप ट्यूनिंगचा निम्मा फायदा हा आहे, आणि त्याचा खर्जाशी काही संबंध नाही.

खाली उतरण्याची सुरुवात मात्र हौसेतून झाली नाही. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. तिथल्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं, बँजोच्या बारीक तारा लावल्या. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या 1971 च्या तिसऱ्या आल्बमपर्यंत गिटार तीन अर्धस्वर खाली, सी शार्पला आली होती. तार सैल, बोटांना त्रास कमी, आणि आवाज भरदार. पुढच्या पिढ्यांनी धडधाकट बोटांनी तेच उचललं. 1994 मध्ये कॉर्न हा बँड सात तारांच्या गिटारी घेऊन ए पर्यंत पोचला, आणि पुढे स्वीडनचा मेशुगा हा बँड आठ तारांवर एफपर्यंत, म्हणजे 44 च्या आतबाहेर कंपनं.

आयोमीचा तो सी शार्प म्हणजे आपली काळी एक. पुरुष गायकाचा काळी एकचा तंबोरा घ्या, त्याच्या खर्जाच्या तारेची कंपनं 69 च्या आसपास येतात. आयोमीच्या जाड तारेचीही तेवढीच. माझी मावशी गाते, तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग एवढा गोंधळ कसला करता रे? खर्जच लावलाय की."

गोंधळ आहे तो ताणाचा. नेहमीच्या दहाच्या सेटमधली सेहेचाळीसची तार (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) ई ला असताना तिच्यावर साधारण आठ किलोचा ताण असतो. तीच तार नुसती खुंटी सोडून ए ला आणली तर उरतो साडेतीन किलो. ताण कंपनांच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणून सूर एक तृतीयांश खाली गेला तरी ताण निम्म्याहून जास्त उतरतो. अशी तार फ्रेटवर फडफडते, आणि त्याहून वाईट म्हणजे बेसूर होते. ट्यूनर लावून बघा. तार हळूच छेडली तर काटा मध्यावर. आता रिफमध्ये मारता तशी जोरात मारा: काटा आधी उजवीकडे उडी घेतो आणि मग रेंगाळत मध्यावर येतो. मेटलमध्ये आपण ती रेंगाळायची वेळ देतच नाही, पुढचा फटका आलेला असतो. म्हणजे गाणंभर गिटार किंचित चढी. सूर लावताना वाजवणार तितक्याच जोरात मारून लावायचा, हा अर्धा उपाय.

उरलेला अर्धा म्हणजे जाड तार. साडेपंचवीस इंची गिटारवर ए ला तेवढाच ताण हवा असेल तर सत्तरच्या आसपासची तार लागते. ती नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत बसत नाही, खाच कानशीने रुंद करावी लागते. नवा ताण पडल्यावर मान जराशी वाकते किंवा उलट फाकते, मानेतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवावी लागते. बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळायला सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे न्यावं लागतं, आणि कधीकधी ते मागे जायला जागाच उरत नाही. म्हणून खालच्या सुरांसाठीच्या बॅरिटोन गिटारी सत्तावीस इंच आणि त्याहून लांब करतात. माझं मत विचाराल तर सहा तारांच्या साध्या गिटारवर ए च्या खाली जाऊच नये. मेशुगाला ते शोभतं, कारण त्यांची गिटार तालवाद्यासारखीच वाजते.

आता बेसचं. आमचा बेसवाला माझ्या खाली एक सप्तक, साडेसत्तावीस कंपनांवर असतो. आणि खरं सांगू का, माझी 55 कंपनंही तुम्ही फारशी ऐकत नाही. फोनच्या स्पीकरमधून ती बाहेरच पडत नाहीत. तरी फोनवर रिफ खालचाच वाटतो, कारण वरचे स्वयंभू सूर (हार्मोनिक्स) ऐकून खालचा मूळ सूर मेंदू स्वतः भरून काढतो. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की खर्जातून गांधार ऐकू येतो ना, तोच गांधार डिस्टॉर्शनमधल्या, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजातल्या, पॉवर कॉर्डमध्येही येतो. सा आणि प एकत्र असे फाटवले की त्यांच्या बेरजेचा सूर गांधारावर पडतो, कोणी वाजवलेला नसताना.

पण बेरजेसोबत वजाबाकीही येते. 55 आणि साडेब्याऐंशी यांतला फरक साडेसत्तावीस, म्हणजे नेमकी बेसवाल्याची जागा. इथे सगळा चिखल होतो. म्हणून डिस्टॉर्शनच्या आधीच खालचा भाग कापायचा: अँपच्या आधी एक ओव्हरड्राइव्ह पेडल, त्याचा ड्राइव्ह (आवाज फाटवण्याचं प्रमाण) शून्याजवळ, लेव्हल भरपूर. अँपवरचा गेन तुम्हाला वाटतो त्याहून बराच कमी. एकट्याने ऐकलं तर माझा आवाज पातळ आणि किरकिरा वाटतो. साउंडचेकला साउंडवाले दादा हमखास बास वाढवायला जातात, त्यांना हात जोडून थांबवावं लागतं. बेस आणि ड्रम सुरू झाले की त्यांनाही कळतं. तुम्हाला जी प्रचंड गिटार ऐकू येते तिच्यातला निम्मा आवाज बेसचा असतो. तर बेस आहे म्हणूनच गिटार इतकी खाली नेता येते.

आणि लगेच नवी गिटार घेऊ नका. अकरा-छप्पनचा सेट आणा, आधी ड्रॉप सी, म्हणजे जाड तार सी ला, लावून बघा. डाव्या हातापेक्षा उजव्या तळव्याकडे लक्ष द्या. तळवा ब्रिजवर कुठे टेकतो आणि दोन फटक्यांच्या मध्ये तार खरंच गप्प होते का, ते रेकॉर्ड करून ऐका. होत नसेल तर ए ला उतरून तीच घाण आणखी जाड ऐकू येईल.