कुणीतरी भेटलंय

शनिवार, रात्र. बर्लिन.

आज माझ्या स्वयंपाकघरात केनियातल्या मोंबासाच्या चपात्या झाल्या. करणारा अर्थात मोंबासाकर. (नाव लिहीत नाही. त्याच्या घरापर्यंत काय कसं पोचेल, सांगता येत नाही.) जर्मनच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसतो. मैद्याची पोळी लाटायची, तेल लावायचं, गुंडाळून दोरी करायची, दोरीची चकली वळायची आणि परत लाटायची. स्वाहिलीत चपातीला चपातीच म्हणतात. पैशाला पेसा, गाडीला गारी, दुकानाला दुका, लाखाला लाकी. माझी घडीची पोळी उचलून उजेडात धरली आणि विचारतो, ‘ही आजारी आहे का?’

गुरुवारचा वर्ग मात्र अजून डोक्यातून जात नाही. धडा होता घरच्या माणसांचा. प्रत्येकाने आपल्या माणसाबद्दल दोन वाक्यं बोलायची. मी आईवर भागवलं. हा उठला आणि म्हणाला, ‘माइन फ्रॉइंड’ हॉस्पिटलात काम करतो. जर्मनमधली गोची अशी की नुसता मित्र असेल तर ‘आइन फ्रॉइंड फॉन मिर’ म्हणायचं, माझ्या मित्रांपैकी एक. नुसतं ‘माइन फ्रॉइंड’ म्हटलं की तो प्रियकर होतो. बाईंना वाटलं, चुकला. त्यांनी चांगुलपणाने दुरुस्ती करून दिली. बाहेर पडायला दार उघडूनच दिलं म्हणा ना. मी बाकाखाली त्याच्या पायाकडे बघत होतो, टाच थडथडत होती. तो म्हणाला, ‘नाइन. माइन फ्रॉइंड.’ बाई म्हणाल्या, ‘छान,’ आणि पुढच्याला उठवलं. संपलं. दहा सेकंदं असतील.

वर्ग सुटल्यावर हसत म्हणाला, ‘जर्मनने मला पकडलं. स्वाहिलीत सात महिने निभावलं होतं.’ स्वाहिलीत तो, ती, ते असलं काही नाहीच. ‘येये’ म्हणजे तोही आणि तीही. क्रियापदही काही बोलत नाही. त्याची आई फोनवर विचारते, ‘अनापिका?’ स्वयंपाक करतो का, करते का, काहीही समजा. हा सांगतो, हो, मासे फार छान. आई खूश. सून आणि जावई दोघांनाही एकच शब्द, ‘म्क्वे’. म्क्वेला कधी आणतोस, असं ती दर रविवारी विचारते, आणि हा एक अक्षर खोटं न बोलता पुढच्या वर्षी म्हणतो.

त्याच्या देशात समलिंगी संबंधांविरुद्ध कलम १६२ आहे, १४ वर्षांपर्यंत कैद. त्याने मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा मी चमकलो, ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हे आपल्या जुन्या दंडसंहितेच्या ३७७ मधलेच शब्द. साहेबाने दोन्हीकडे तेच चिकटवलं आणि गेला. आपलं ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरतं मोडीत काढलं. त्या दिवशी सांगलीत आमच्या घरी टीव्हीवर बातमी लागली, बाबांनी आवाज कमी केला आणि चहा मागितला. आपला निकाल नैरोबीच्या खटल्यातही पुढे आला होता. पण २४ मे २०१९ ला तिथल्या हायकोर्टाने कलम तसंच ठेवलं. तीनच दिवस आधी बिन्यावांगा वायनाइना गेला होता, २०१४ मध्ये आपण समलिंगी आहोत असं जाहीर सांगणारा त्यांचा लेखक. तो आठवडा मोंबासाकराने वसतिगृहात पांघरूण डोक्यावरून घेऊन काढला, म्हणे.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. शोनेबर्ग म्हणजे इथला समलिंगींचा अड्डा, तिथल्या बारमध्ये लोक त्याला हळुवारपणे विचारतात, तू पळून आलास का? इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी विमानाने आलो म्हटल्यावर जरा हिरमुसतात. एकाने न विचारता केसांत हात घातला. मोंबासात आपण काळे आहोत याचा विचार कधी करावाच लागला नव्हता, म्हणाला. हे सांगताना कणीक मळत होता, जरा जास्तच जोरात.

तेवढ्यात माझ्या आईचा फोन. तिकडे साडेसात, जेवणाआधीची वेळ. मागे भांड्यांचा आवाज ऐकून म्हणाली, ‘कोण आलंय?’

‘वर्गातला मित्र.’

‘बरं. आणि तुला तिकडे कुणी भेटलं की नाही?’

मराठीत पळवाट नाही असं मी आजवर समजत होतो. आलाय म्हणा नाहीतर आलीय, तोंड उघडलं की सापडलो. पण आई स्वतःच ‘कोण आलंय’ म्हणाली होती. दारावर थाप पडली की आपण सगळेच तसं म्हणतो, बाहेर कोण आहे ते कळेपर्यंत.

म्हटलं, ‘भेटलंय कुणीतरी.’

तव्यावरची चपाती फुगली. मोंबासाकराला मराठी येत नाही, तरी त्याने गॅस बारीक केला.

आई बराच वेळ काही बोलली नाही. टीव्हीचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला.

‘जवळच राहतं का?’

‘हो. दोन स्टेशनं सोडून.’

‘जेवलं का ते?’