तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेन पेसमेकरच्या चाचणीत बाबांना घालावं का?

पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरचे, ठाण्यातले असोत की वाशी-नेरुळचे, विचारतात: "नव्या पेसमेकरच्या चाचणीत बाबांचं नाव देऊ का? त्यात म्हणे कुठला करंट चालू आहे तेच सांगत नाहीत." द्या, पण का सांगत नाहीत ते आधी समजून घ्या.

नेहमीचं डीबीएस (मेंदूत तार घालून छातीतल्या बॅटरीने करंट देणं, म्हणजेच ब्रेन पेसमेकर) अखंड चालतं: सेकंदाला साधारण 130 ठोके, एकेक जेमतेम 60 मायक्रोसेकंदांचा. नवं, म्हणजे ॲडॅप्टिव्ह, त्याच तारेतून मेंदूचं ऐकतंही. सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूतल्या खोल, छोट्या भागात 13 ते 30 हर्ट्झच्या बीटा लहरी चढल्या की अंग जखडतं. तेव्हा करंट वाढवायचा, लहरी उतरल्या की कमी. अमेरिकेत 2025 मध्ये याला मान्यता मिळाली. ऐकायला सोपं वाटतं. पण या लहरी मायक्रोव्होल्टमधल्या, त्यात हृदयाचे ठोके मिसळतात. बॅटरी छातीत डावीकडे असली तर जास्तच. शिवाय कंप सुरू असताना बीटा उतरू शकते, म्हणजे हात थरथरतोय आणि यंत्र करंट कमी करतंय!

दुसरी अडचण फसव्या सुधारणेची. तार घातल्याच्या नुसत्या सुजेनेही काही आठवडे बरं वाटतं. आणि पार्किन्सनमध्ये आशेनेच मेंदूत डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, सुटतं, त्यामुळे रुग्ण खोटं बोलत नसतो, त्याला खरंच बरं वाटत असतं. म्हणून काही आठवडे जुनी पद्धत, काही आठवडे नवी, आणि कुठली चालू आहे हे रुग्णालाही माहीत नसतं, तपासणाऱ्यालाही.

सगळ्यात जड जाते ती 'ऑफ' तपासणी, म्हणजे औषधाचा असर उतरलेला असतानाची. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आदल्या रात्रीपासून, निदान बारा तास, पार्किन्सनची नेहमीची गोळी लेव्होडोपा बंद. अशा सकाळी बाबांना ठाण्याहून परळला लोकलने नेऊ नका. डबा आणि फलाट यांच्यातल्या फटीशीच पाय जमिनीला चिकटतात, आणि मागची गर्दी थांबत नाही. टॅक्सी करा. गोळ्यांची डबी सोबत असू द्या, तपासणी उरकली की लगेच लागते.

चाचणीच्या डायरीत दर अर्ध्या तासाला 'ऑन' (औषधाचा असर चालू), 'ऑफ' की अंगाची वळवळ, ते लिहायचं असतं. रात्री जेवणानंतर आठवून सगळे रकाने एकदम भरलेत तर ते पान फुकट.

सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. आणि चाचणी संपल्यावर बॅटरी बदलायचा खर्च कोण करणार, ते सहीच्या आधी लेखी घ्या.