तुम्ही विचारलंत म्हणून: एका मुलीचं स्टेशन

"जपानमध्ये एका शाळकरी मुलीसाठी स्टेशन चालू ठेवलं होतं, ते खरं का गं?" जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर राहायला आल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. 2016 च्या जानेवारीत ती गोष्ट जगभर फिरली आणि अजूनही मधूनच कुणाच्या तरी फोनवर उगवते. रेल्वे तोट्यातलं स्टेशन बंद करणार होती, पण एक मुलगी तिथून शाळेला जाते हे कळल्यावर तिचं शिक्षण होईपर्यंत गाडी थांबवत राहिली. खाली जोडलेले हात आणि "आपल्याकडे कधी होणार असं?"

मी "अर्धं खरं" म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. "तुला कशात चांगलं दिसतच नाही," हेही ऐकून झालंय. म्हणून आता सगळं लिहूनच टाकते.

मुलगी खरी. ती एन्गारू गावच्या शाळेत जायची. गोष्टीत नाव असतं कामी-शिराताकी स्टेशनचं, गाडीच्या सकाळी 7:04 आणि संध्याकाळी 5:08 या वेळाही तिथल्याच; ती मात्र त्याच सेकिहोकु रेल्वेमार्गावरच्या क्यू-शिराताकीला चढायची. गाडी खास तिच्यासाठी सोडलेली नव्हती. ती जाणारच होती, वाटेत थांबायची. ही दोन आणि शिमो-शिराताकी अशी तीन स्टेशनं 26 मार्च 2016 ला बंद झाली. मार्चच का, तर जपानभर रेल्वेचं नवं वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्ये लागतं आणि शाळेचं वर्षही तेव्हाच संपतं. त्याच दिवशी होक्काइदोत पहिली शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धावली. सगळे कॅमेरे तिकडे असणार असं वाटेल, पण त्या आठवड्यात या ओसाड फलाटांवरही खूप लोक फोटो काढायला आले होते.

पूर्वी मी एवढं सांगून थांबायचे. त्याच्याही आधी, नवी नवी आले होते तेव्हा, मी स्वतःच ती गोष्ट कौतुकाने सांगत फिरायचे. माझ्या घरमालकीण आजींनाही सांगितली.

आजी ओखोत्स्क समुद्राकडच्या एका खेड्यातल्या. त्या संध्याकाळी लोणच्यासाठी कोबी चिरत बसल्या होत्या. मी मोडक्यातोडक्या जपानीत गोष्ट सांगितली, फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, फोटो नीट पाहिला. मला वाटलं, आता म्हणतील की आमचा देश असाच आहे. त्यांनी विचारलं, "हिच्या मागे धाकटं कुणी आहे का?"

मला कळेना. त्या म्हणाल्या, "गावात हिच्याहून लहान कुणी. असतं, तर बंद केलं नसतं." आणि पुन्हा कोबी चिरायला लागल्या. मग चिरता चिरता सांगितलं. त्यांच्या गावावरून नायोरो रेल्वेमार्ग जायचा, सुमारे 140 किलोमीटरचा. 1980 च्या कायद्याने तोट्यातल्या मार्गांच्या याद्या निघाल्या, त्यात तो आला, आणि 1 मे 1989 ला बंद झाला. त्यांची मुलगी तेव्हा हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला. जपानी शाळा एप्रिलमध्ये उघडते. म्हणजे नव्या वर्गात बसून महिनाही झाला नव्हता आणि गाडी गेली. बदली बस आली, पण ती घराजवळून जात नव्हती, आणि बर्फ पडायला लागल्यावर मुलीला शाळेच्या गावी खोली घेऊन ठेवावं लागलं. सोळा वर्षांची पोर. तिथून ती साप्पोरोला, इथल्या मोठ्या शहरात, गेली, नोकरीला लागली, लग्न केलं. "ती घरी राहायला म्हणून परत आलीच नाही," आजी म्हणाल्या. "या मुलीला शाळा पुरी करू दिली. माझ्या मुलीच्या वेळी तेवढंही कुणी पाहिलं नाही."

मी काय बोलणार? मला वाटलं होतं, आजी एक तर खूश होतील नाहीतर गोष्ट खोडून काढतील. त्यांना तर त्या मुलीचा हेवा वाटत होता.

त्यानंतर मी एन्गारूला जाते तेव्हा वेगळं बघते. तिथे ओखोत्स्क एक्स्प्रेस उलट्या दिशेने निघते, तेव्हा लोक उठून आपापली सीट फिरवतात. सीटखालचा खटका पायाने दाबायचा आणि पाठ धरून वळवायची. स्टेशनच्या पलीकडे आता रूळच नाहीत. आजींच्या गावची गाडी तिकडूनच यायची. कामिकावा ते शिराताकी या 37.3 किलोमीटरमध्ये आता एकही स्टेशन नाही. जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, बुलेट ट्रेन सोडून साध्या मार्गांवर लागोपाठच्या दोन स्टेशनांत एवढं अंतर दुसरीकडे कुठेच नाही. 2016 च्याच नोव्हेंबरमध्ये जेआर होक्काइदोने सांगितलं की सुमारे 1,237 किलोमीटर मार्ग आम्हाला एकट्याने सांभाळणं शक्य नाही. जवळपास निम्मं जाळं. त्यातले बरेच तुकडे तेव्हापासून बंद झालेत. मार्च 2021 मध्ये एकाच दिवशी 18 स्टेशनं गेली. त्या स्टेशनांवरून कुणी शाळेला जात होतं का, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

आणि "आपल्याकडे कधी?" याचा मला खरंच राग येतो. आपल्याकडे मानव विकासच्या निळ्या एसटी मुलींना शाळेत नेण्यासाठीच धावतात, खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. बस चुकते, उशिरा येते, बंद पडते, सगळं मान्य. पण त्या बसमध्ये बसायला जागा नसते इतक्या मुली असतात. क्यू-शिराताकीला एकच होती. हात जोडायचेच असतील तर आधी हे बघा की बाकीच्या कुठे गेल्या.

पण माझं मलाच पटतं असंही नाही. रेल्वेने दया दाखवली नाही, वेळापत्रक पाळलं, असं मी ठासून सांगते, आणि मग आजींचं "तेवढंही" आठवतं. मार्च की मे, याने एका घराचं किती बिघडतं हे मी त्या घरात बसून ऐकलंय. मग तो मार्च नुसता योगायोग होता असं म्हणून मी मोकळी कशी होऊ?

तेव्हा गोष्ट पाठवायची तर पाठवा. फक्त खाली तारीख लिहा, 26 मार्च 2016, आणि लिहा की त्या दिवशी तिथली एक नाही, तीन स्टेशनं बंद झाली.